गरम टायरची हवा काढू नका

बाईक तासभर पळवून पंपावर थांबलात, हवेचा दाब मोजणारा गेज लावला आणि २९ पीएसआयच्या (दाबाचे एकक) जागी ३३ दिसले. हात लगेच हवा काढायला जातो. काढू नका. टायर गरम झाला की आतली हवा प्रसरण पावते, तेवढी वाढ धरलेलीच असते. तिथे २९ करून घरी आलात, तर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरमध्ये जेमतेम २५ भरतील आणि हँडल जड लागेल.

हवा तपासायची ती थंड टायरची, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना, उन्हात नव्हे. आकडा घ्यायचा चेनकव्हर किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचे चाक धरणारा दांडा) स्टिकरवरून. टायरच्या कडेला छापलेला असतो तो कमाल दाब, रोजचा नव्हे.

थंडी पडली की दर १० अंश सेल्सिअसला साधारण दीड पीएसआय उतरतो. दोन्ही चाकांत सारखीच घट असेल तर कारण हवामान. एकाच चाकाची उतरत असेल तर मात्र संशय घ्या. व्हॉल्व्हवर साबणाच्या पाण्याचा थेंब टाका. बारीक बुडबुडा फुगत राहिला, तर आतली पिन सैल आहे किंवा गेली आहे. तिथे काही नसेल तर तेच पाणी रिमच्या कडेला आणि नक्षीच्या खाचांत फिरवा. खिळा बहुधा तिथेच सापडतो.

आणि स्वतःचा गेज ठेवा. दोन पंपांचे आकडे क्वचितच जुळतात.