नाताळचं टेबल: भडंग, कट आणि करंजी

२५ डिसेंबरच्या संध्याकाळी घरी पंचवीस-तीस माणसं येणार असतील, तर आधी एक ठरवून टाका: पाचनंतर कढई गॅसवर चढणार नाही. वडे गरम गरम तळून देण्याची हौस मला कळते, पण मग वडे खाणारे बाहेर हसत बसतात आणि तळणारी आत घामाघूम. आपल्याही हातात द्रोण असावा, आपणही खुर्ची ओढून गप्पांत बसावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आमच्याकडं कोल्हापुरात सकाळी वाइल्डर मेमोरियल चर्चला उपासना, दुपारी घरच्यांचं मटणाचं जेवण आणि संध्याकाळी पाच ते आठ गल्लीतली माणसं. तांबडा-पांढरा दुपारीच उरकलेला असतो. तरी कुणीतरी दारातूनच विचारतं, "वैनी, रस्सा न्हाई व्हय?" न्हाई. संध्याकाळचं मोठं टेबल मी पूर्ण शाकाहारी ठेवते. मार्गशीर्ष संपलेला नसला तर निम्म्या गल्लीचं मटण बंद असतं, शिवाय प्रत्येक पदार्थावर बोट ठेवून "ह्यात काय हाय?" असं कुणाला विचारावं लागू नये. अंड्याचा केक वेगळ्या स्टुलावर, आणि त्याच्यापुढं ठळक अक्षरात चिठ्ठी: 'अंडं आहे'.

रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले. त्याला आता पावणेदोनशे वर्षं होत आली, पण आमच्या घरातलं नाताळचं ताट काही अमेरिकन झालं नाही. करंजी, शंकरपाळी, चकली, रव्याचा लाडू, आणि त्यांच्या रांगेत केक. त्यामुळं इंटरनेटवर दिसणाऱ्या मार्शमेलो आणि चॉकलेटच्या टेबलांच्या नादी लागू नका. ते खायला लहान मुलं सोडली तर कुणी पुढं होत नाही.

कोल्हापुरी टेबलाचा कणा म्हणजे भडंग. तीस माणसांना अर्धा किलो चुरमुरे पुरतात. चुरमुरे वजनाला हलके, पण डबा भरून वाहतो. त्याला पाव किलो शेंगदाणे, दोन गड्डे लसूण, मूठभर कढीपत्ता, वाटीभर तेल, हिंग, हळद, मीठ, थोडी पिठीसाखर आणि तिखट. चुरमुरे आधी मंद आचेवर कोरडे परतून घ्या. बोटांत दाबल्यावर चुरा झाला पाहिजे, नुसते चेपले तर अजून परता. लसूण सालासकट ठेचायचा आणि तेलात पार कुरकुरीत होईपर्यंत तळायचा. इथं घाई नको. लसणात जरा जरी ओल राहिली तरी रात्रीतून सगळा डबा सादळतो. कढीपत्त्याचंही तेच, धुतलात तर पंख्याखाली पसरून खडखडीत वाळू द्या. तिखट घालण्याआधी गॅस बंद करून दोन मिनिटं थांबा, नाहीतर ते करपून काळं पडतं आणि खाणारे खोकत बसतात. रंगासाठी लाल मिरचीची पूड बरी. घरची कांदा-लसूण चटणी घालणार असाल तर दोन चमचेच, कारण तिच्यात खोबरं असतं आणि भडंग जास्त दिवस टिकत नाही.

टेबलावर मोठी परात भरून ठेवायची नाही. लहान पातेली ठेवायची आणि घट्ट झाकणाचा डबा टेबलाखाली. पातेलं संपत आलं की त्यातून भरायचं. भडंगाशेजारी बारीक चिरलेला कांदा, बिया काढलेला टोमॅटो, कोथिंबीर, डाळिंबाचे दाणे, बारीक शेव, लिंबाच्या फोडी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. ज्यानं त्यानं आपापली भेळ कालवायची. डाळिंब आणि कोथिंबीर एकत्र आली की नाताळचा लाल-हिरवा रंग आपोआप जमतो, वेगळी सजावट लागत नाही. कांदा चार वाजता चिरा, सकाळी चिरून ठेवलात तर घरभर वास आणि कांदा उग्र. प्रत्येक वाटीत स्वतंत्र चमचा हवाच. ठेच्याचा चमचा डाळिंबात गेला की पहिली बोंब लहान मुलं मारतात.

शेजारच्या जैन काका-काकूंसाठी वेगळी सोय लागते, आणि ती आधीच केली तर त्यांना मागावं लागत नाही. बिनलसणाचं भडंग मी पहिल्यांदा करते, त्याच कढईत मग लसणाचं. त्यांच्या लहान ट्रेमध्ये भडंग, चकली, करंजी आणि नानकटाई. ते सूर्यास्तानंतर खात नाहीत आणि डिसेंबरात सहाच्या सुमारास दिवस मावळतो, म्हणून त्यांना पाचला नव्हे, साडेचारलाच बोलावते. निवांत तासभर मिळतो.

गरम पदार्थ एकच, तो म्हणजे मिसळ, तीही कागदी कपात. मटकीची उसळ कॅसरोलमध्ये आणि कट इलेक्ट्रिक राइस कुकरमध्ये 'वॉर्म'वर. तीन तास कट वाफाळता राहतो, कुणाला गॅसशी उभं राहावं लागत नाही. कपात एक डाव मटकी, मूठभर फरसाण, वर कट, कांदा, लिंबू. बरोबर स्लाइस ब्रेड; इथं मिसळीबरोबर पाव ठेवलात तर मुंबईचे पाहुणे खूश होतील, गल्ली नाही. मुलांसाठी पळीनं वरचा तवंग बाजूला सारून खालचा कट द्या. अर्धा किलो मटकी, पाऊण किलो फरसाण आणि ब्रेडचे तीन मोठे पुडे तीस कपांना भरपूर होतात. थंडीत मटकीला मोड यायला वेळ लागतो, हे लक्षात ठेवा. २३ तारखेला सकाळीच भिजत घाला, रात्री उपसून फडक्यात बांधा आणि पुरचुंडी बंद कॅसरोलमध्ये ठेवा. २५ ला सकाळी बोटाच्या पेराएवढे मोड हमखास.

गोडाचं टेबल वेगळं आणि शक्यतो दुसऱ्या कोपऱ्यात. एकाच टेबलावर ठेवलं तर ताटात कट वाहत करंजीपर्यंत जातो. शंकरपाळी आणि चकली १८-२० तारखेपर्यंत करून ठेवता येतात. करंजी सुक्या खोबऱ्याची करा, ती २३ ला केली तरी चालते. ओल्या नारळाची इतकी टिकत नाही. कुलकुल आमच्या घरात वसईच्या जावेमुळं आले. मैद्याच्या गोळीला काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायचं, की शिंपल्यासारखा आकार येतो. आदल्या रविवारी मुलांना वर्तमानपत्र पसरून बसवा. निम्मे वाकडे होतात, तळल्यावर कुणाला कळत नाही. नानकटाई मात्र मी घरी भाजत नाही. पीठ मळून बेकरीत न्यायचं, तिथून ट्रे भाजून मिळतो. त्या आठवड्यात बेकऱ्यांना गर्दी असते, म्हणून आधी विचारून वेळ ठरवून घ्या.

केकसाठी मनुका, खजूर, टुटीफ्रुटी आणि संत्र्याची साल दोन दिवस संत्र्याच्या रसात फ्रिजमध्ये भिजवते. रम घालत नाही. गल्लीतली सगळी लेकरं खातात. साखरेऐवजी निम्मा गूळ घालते. श्री शाहू मार्केट यार्डात या दिवसांत नवा गूळ आलेला असतो. फार पिवळाधमक दिसला तर घेऊ नका, जरा काळपट तांबूस असलेलाच केकला रंग आणि चव देतो. केक २३ ला भाजा आणि २५ ला कापा. ताजा कापला की भुगा होतो, दोन दिवस मुरला की बोटाएवढे काप सरळ निघतात. अर्ध्या-अर्ध्या किलोचे दोन केक पुरे. गोडाच्या टेबलावर एका वाटीत गूळ आणि भाजलेल्या शेंगाही ठेवा. साधं वाटेल, पण म्हातारी माणसं तिथंच रेंगाळतात.

मांडणीत फार काही नाही. टेबल भिंतीपासून ओढून घ्या म्हणजे दोन्ही बाजूंनी माणसं जातात. एका टोकाला द्रोण (लक्ष्मीपुरीत मिळतात, कागदी ताटल्यांपेक्षा हे बरे, कट सांडत नाही), दुसऱ्या टोकाला कचऱ्याचा डबा, उघडा आणि दिसेल असा. पाणी आणि गवती चहाचा थर्मास लांब, दाराजवळ. पाण्यापाशी माणसं उभी राहतात आणि रस्ता अडतो. चांदणी दारावर, गव्हाणीचा देखावा खिडकीत. मेणबत्त्या टेबलावर नकोतच, कागदी कप आणि बायकांचे पदर दोन्ही तिथंच असतात.

आता खरी अडचण. सगळं मांडलं तरी कुणी उठत नाही. आपल्या माणसांना आग्रहाशिवाय खायची सवय नाही. "घ्या की" म्हटलं तर "असू दे, घेतो" म्हणून खुर्चीला चिकटून बसतात. त्यामुळं पहिला द्रोण सगळ्यात वयस्क पाहुण्याला मी स्वतः भरून देते, दुसरा स्वतःला, आणि तिथंच उभी राहून खायला लागते. मग एखाद्या धीट पोराला कटाची पळी हातात द्यायची: "तू वाढ रे सगळ्यांना." दहा मिनिटांत टेबलाभोवती गर्दी होते आणि "वैनी, कट लई भारी झालाय" सुरू होतं.

पाहुणे निघताना करायचं एकच: दिवाळीत ज्यांच्याकडून फराळाचे डबे आले, ते रिकामे परत पाठवायचे नसतात. ते आधीच घासून, नावाच्या पट्ट्या लावून तयार ठेवा. निघताना ज्याचा त्याचा डबा करंजी-चकली भरून हातात द्या. उरलेलं भडंग घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर टिकतं. कट रात्रीच फ्रिजमध्ये ठेवा आणि २६ ला त्यात उकडलेली अंडी सोडा, दुपारच्या भाकरीबरोबरचं कालवण झालं.