व्हर्च्युअलबॉक्स: पॉज करायचं की सेव्ह?

व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) चालू असताना होस्ट, म्हणजे आपला खरा संगणक, रखडू लागला की बरेच जण ती सरळ शटडाउन करतात. त्याची गरज नसते. व्हर्च्युअल मशीनची खिडकी समोर असताना उजवी कंट्रोल आणि पी दाबा (मॅकवर डावी कमांड आणि पी), किंवा 'मशीन' मेनूतून 'पॉज' निवडा. खिडकी करडी होते आणि सीपीयूवरचा भार लगेच उतरतो. तीच बटणं पुन्हा दाबली की काम जिथं थांबलं होतं तिथून पुढे सुरू.

पण रॅम सुटत नाही, आणि घोळ नेमका इथेच होतो. 8 जीबीच्या लॅपटॉपवर 4 जीबी दिलेली मशीन पॉज केली तरी ते 4 जीबी अडकूनच राहतात. शिवाय पॉज केलेली मशीन फक्त होस्टच्या रॅममध्ये जिवंत असते. लाइट गेली आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर सेव्ह न केलेलं काम गेलंच म्हणायचं.

म्हणून पॉज चहापुरता. जेवायला उठताना किंवा रॅम हवी असताना खिडकी बंद करा आणि येणाऱ्या तीन पर्यायांतला 'सेव्ह द मशीन स्टेट' निवडा. रॅममधला मजकूर मशीनच्या फोल्डरमधल्या 'स्नॅपशॉट्स'मध्ये फाइल म्हणून उतरतो, तेव्हा दिलेल्या रॅमइतकी जागा डिस्कवर मोकळी असू द्या. एसएसडी असेल तर काही सेकंदांचं काम. जुन्या हार्ड डिस्कवर कंटाळा येईल. तिसरा पर्याय, 'पॉवर ऑफ', म्हणजे चालत्या संगणकाची वायर उपटणं.

सेव्ह अवस्थेत मशीनची रॅम किंवा प्रोसेसरची संख्या बदलता येत नाही, आधी ती सुरू करून नीट बंद करावी लागते. व्हर्च्युअलबॉक्स अपडेट करण्यापूर्वीही हेच करा, कारण जुनी सेव्ह फाइल नव्या आवृत्तीत उघडेलच असं नाही.

बऱ्याच वेळाने मशीन जागी केली की एसएसएच (दूरच्या संगणकाशी केलेली जोडणी) आणि डाउनलोड तुटलेले दिसतील. समोरच्या सर्व्हरने वाट पाहून नाद सोडलेला असतो. घड्याळही मागे पडलेलं असू शकतं. मग मशीनमध्ये उबुंटू ही लिनक्स प्रणाली असेल तर अपडेट करताना 'रिलीज फाइल अजून वैध नाही' अशा अर्थाची तक्रार येते आणि माणूस उगाच इंटरनेट तपासत बसतो. गेस्ट अ‍ॅडिशन्स (मशीनच्या आत बसवायचे व्हर्च्युअलबॉक्सचे पूरक प्रोग्राम) बसवलेल्या असतील तर 20 मिनिटांहून जास्त फरक एकदम भरून निघतो, त्याहून कमी असेल तर हळूहळू. नसतील तर वेळ हाताने लावा.