अतिपिकलेल्या केळ्यांचा अक्रोड ब्रेड: खानदेशातील घरांसाठी कृती

रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यातला केळीचा घड हिरवा असतानाच कापला जातो, कारण त्याला रेल्वेने किंवा ट्रकने थेट उत्तर भारतापर्यंतचा प्रवास सोसायचा असतो. पुढे पिकवण केंद्रात इथिलीन वायूच्या साहाय्याने त्याला पिवळा रंग येतो. फळांच्या गाडीवरून आपण आणतो ते केळे म्हणूनच दिसायला पिवळेधमक, पण आतून अजून घट्ट असते. शिकरणीला ते उत्तम. ब्रेडला मात्र ते चालत नाही, आणि या पदार्थाचे बहुतेक अपयश नेमके इथेच, भट्टी तापण्याच्या कितीतरी आधी, ठरून गेलेले असते.

कच्च्या केळ्यात पिष्टमय पदार्थ भरपूर असतात. फळ पिकू लागले की त्यांचे हळूहळू साखरेत रूपांतर होते, गर मऊ पडतो, त्यातील पाणी सुटे होते आणि केळ्याचा ओळखीचा सुगंध वाढत जातो. सालीवर तपकिरी ठिपके दाट झाले, देठाजवळचा भाग काळपट पडला आणि बोटाने दाबल्यावर फळ सहज दबले, म्हणजे ते ब्रेडसाठी तयार झाले असे समजावे. पिवळे केळे या अवस्थेला यायला हिवाळ्यात चार-पाच दिवस लागू शकतात, तर जळगाव-भुसावळच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तेच काम दोन दिवसांत होते. घाई असेल तर केळी कागदी पिशवीत, शक्य असल्यास एखाद्या पिकलेल्या सफरचंदासोबत, तोंड दुमडून ठेवावीत. फळांतून बाहेर पडणारा इथिलीन पिशवीत साठतो आणि पिकण्याचा वेग वाढतो. साल पूर्ण काळी झाली तरी आतला गर फिकट पिवळा किंवा किंचित तपकिरी असेल तर तो निर्धास्तपणे वापरावा. मात्र दारूसारखा आंबूस वास येत असेल, पाणी गळत असेल किंवा देठाशी बुरशी दिसत असेल, तर ते फळ टाकून द्यावे.

फणीतून निसटलेली सुटी केळी, सालीला डाग पडल्यामुळे व्यापाऱ्याने बाजूला काढलेली केळी किंवा घरात कोणी हात न लावलेली शेवटची दोन-तीन फळे या कामासाठी सर्वांत योग्य असतात. जळगावच्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याची निर्यातही होते. अशा प्रदेशात चांगले पिकलेले फळ केवळ दिसायला बरे नाही म्हणून उकिरड्यावर जावे, हे मनाला पटत नाही. एकाच वेळी पुरेशी केळी पिकली नाहीत, तर जी आधी तयार होतील ती सोलून डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवावीत. वापरण्याआधी ती पूर्ण वितळू द्यावीत आणि सुटलेले गोड पाणी ओतून न देता मिश्रणातच घालावे, कारण बरीचशी चव त्या पाण्यात उतरलेली असते.

एका मध्यम, लांबट साच्यासाठी सोललेल्या केळ्यांचा ३५० ग्रॅम गर लागतो; मध्यम आकाराची चार केळी त्याला बहुधा पुरतात. त्यासोबत २०० ग्रॅम मैदा, १२० ग्रॅम साखर, ८० मिलिलिटर तेल, दोन अंडी, एक सपाट चहाचा चमचा खाण्याचा सोडा, अर्धा चमचा मीठ, अर्धा चमचा वेलचीपूड किंवा दालचिनीपूड आणि ८० ग्रॅम अक्रोड घ्यावेत. अंडी चालत नसतील तर त्यांच्याऐवजी १०० ग्रॅम ताजे घट्ट दही घ्यावे आणि सोड्याच्या जोडीला अर्धा चमचा बेकिंग पावडर घालावी. ब्रेड थोडा कमी फुलतो, पण चवीत उणा राहत नाही. साखरेच्या जागी तेवढाच किसलेला मऊ गूळ वापरता येतो, फक्त तो कुस्करलेल्या केळ्यात आधी पूर्ण विरघळवून घ्यावा, नाहीतर खडे तसेच राहतात. तेल सौम्य वासाचे असावे. घाण्याचे शेंगदाणा तेल भाजीला कितीही चांगले असले तरी इथे त्याचा वास केळ्यावर मात करतो.

निम्म्या मैद्याऐवजी कणीक घेतली तरी ब्रेड चांगला होतो, मात्र कणीक पाणी जास्त शोषते, म्हणून दोन-तीन टेबलस्पून दूध वाढवावे. ही कणीक पोळीसाठी दळलेली बारीकच हवी. आपल्याकडे अनेक घरांत बट्टीसाठी जाडसर, कधी मका मिसळून दळलेले पीठ वेगळे ठेवलेले असते. ते या मिश्रणात नीट भिजत नाही आणि ब्रेड भुसभुशीत होऊन कापताना तुटतो.

अक्रोड वापरण्यापूर्वी एक तुकडा चाखून पाहावा. अक्रोडात तेलाचे प्रमाण मोठे असल्याने खानदेशातील उन्हाळ्यात उघड्या बरणीत ते लवकर खवट होतात, आणि एक खवट मूठ संपूर्ण ब्रेड कडू करते, म्हणून ते हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवणे चांगले. चांगले अक्रोड कोरड्या कढईत मंद आचेवर पाच-सहा मिनिटे सुगंध येईपर्यंत भाजावेत, पूर्ण गार करावेत आणि त्यांचे हरभऱ्याएवढे तुकडे करावेत. अक्रोड महाग वाटले तर भाजून, साल पाखडून, जाडसर भरडलेले शेंगदाणे घालावेत. केळे आणि शेंगदाणा यांची जोडी माझ्या मते अक्रोडाइतकीच सरस आहे, आणि आपल्या घरात ते बहुधा असतातच.

मिश्रणाला हात लावण्याआधी ओव्हन १७५ अंश सेल्सिअसवर तापत ठेवावा आणि साच्याला तेल लावून तळाशी बटर पेपर घालावा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण दही किंवा केळ्यातील आम्ल आणि ओलावा लागताच सोडा वायू सोडू लागतो; मिश्रण तयार करून ओव्हन तापण्याची वाट पाहत बसलो तर तो वायू निघून जातो आणि ब्रेड चपटा राहतो.

केळी काट्याने किंवा रवीने कुस्करावीत. मिक्सरमध्ये पार गुळगुळीत करू नयेत. बारीक गाठी राहिल्या तर भाजल्यावर घासात केळे जाणवते. त्यात साखर, तेल आणि अंडी घालून एकजीव होईपर्यंत फेटावे. दुसऱ्या भांड्यात मैदा, सोडा, मीठ आणि वेलची एकत्र दोनदा चाळून घ्यावी, म्हणजे सोड्याची गुठळी एखाद्या तुकड्यात तोंडात येणार नाही. आता कोरडे मिश्रण ओल्यात घालून मोठ्या चमच्याने तळापासून वर असे अलगद उलटत मिसळावे आणि कोरडे पीठ दिसेनासे झाले की लगेच थांबावे. पोळीच्या कणकेला मळणे जितके आवश्यक, तितकेच ते इथे घातक आहे: जास्त ढवळल्यास पिठातील चिवट प्रथिनांचे जाळे तयार होते, आत लांबट बोगदे पडतात आणि ब्रेड रबरासारखा लागतो. मिश्रणात थोड्या गुठळ्या दिसल्या तरी त्या भाजताना जिरतात, त्यांची काळजी करू नये. शेवटी मूठभर अक्रोड वर पेरण्यासाठी बाजूला काढून बाकीचे मिसळावेत आणि मिश्रण साच्यात दोन-तृतीयांश उंचीपर्यंतच भरावे.

साचा मधल्या जाळीवर ठेवून ५५ ते ६५ मिनिटे भाजावे. पहिली चाळीस मिनिटे दार उघडण्याचा मोह टाळावा, कारण आतला भाग घट्ट होण्याआधी थंड हवा लागली तर मध्यभाग खाली बसतो. भारनियमनाचे वेळापत्रक ज्या गावात असते तिथे ही तासाभराची सलग वीज आधीच हेरून ठेवावी. वरचा भाग लवकर काळवंडू लागला तर चाळीस मिनिटांनंतर त्यावर ॲल्युमिनियम फॉइल सैल टाकावी. मधोमध पडणारी लांब भेग हा दोष नव्हे. वरचा थर आधी कडक होतो आणि आतले मिश्रण नंतर फुगते, म्हणून ती पडते. मध्यभागी सुरी खुपसून पाहावी: ओलसर कण चिकटले तर ब्रेड झाला, कच्चे मिश्रण लागले तर आणखी सात-आठ मिनिटे द्यावीत.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या मोठ्या कढईत स्टँड ठेवून, घट्ट झाकण लावून ती मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावी. मग साधारण सात इंची गोल डब्यात मिश्रण घालून तो स्टँडवर ठेवावा आणि मंद आचेवर पन्नास मिनिटांपासून तपासायला सुरुवात करावी. कुकर वापरायचा असेल तर रबर आणि शिट्टी दोन्ही काढून ठेवावीत आणि आत पाणी घालू नये. या पद्धतीत वरचा भाग फिकट राहतो, तळ मात्र लवकर लागतो, म्हणून आच मोठी करून वेळ वाचवण्याचा प्रयत्न करू नये.

भाजलेला ब्रेड साच्यातच दहा मिनिटे ठेवून मग जाळीवर काढावा. साच्यात जास्त वेळ राहिल्यास वाफेने त्याचा तळ ओला होतो. गरम असताना कापल्यास तो गिचका वाटतो आणि कच्चा राहिला की काय अशी शंका येते, म्हणून पूर्ण गार होईपर्यंत थांबावे. खरे तर पूर्ण गार झाल्यावर कापडात गुंडाळून, डब्यात रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी चहासोबत कापावा, कारण तोवर ओलावा सगळीकडे सारखा पसरतो आणि केळ्याची चव अधिक खुलते. थंडीत तो बाहेर दोन-तीन दिवस टिकतो. मार्च ते जूनमध्ये मात्र पहिल्या दिवसानंतर फ्रीजमध्येच ठेवावा आणि खाताना काप तव्यावर थेंबभर तुपात दोन्ही बाजूंनी शेकून घ्यावेत. जास्त दिवस ठेवायचा असल्यास काप वेगवेगळे गुंडाळून फ्रीझरमध्ये महिनाभर राहतात, आणि लागतील तेवढेच काढून तव्यावर मंद आचेवर गरम करता येतात.