रुतलेला रनिंग गेम: एनएफएल संघाने दुरुस्ती कुठून सुरू करावी

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये संघाची धावेमागची सरासरी साडेतीन यार्डांच्या खाली गेली, दोन-तीन सामने तसेच गेले, की सगळ्यांचं बोट रनिंग बॅककडे, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याकडे, वळतं. बहुतेक वेळा ही आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशी गत असते. सेक्वॉन बार्कलीने २०२३ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडून २४७ खेपांत ९६२ यार्ड काढले, म्हणजे खेपेला ३.९. पुढच्याच वर्षी फिलाडेल्फिया ईगल्सकडून ३४५ खेपांत २,००५ यार्ड, खेपेला ५.८. माणूस तोच, पायही तेच. वाट मोकळी करणारी पुढची पाच माणसं बदलली होती आणि शेजारी स्वतः पळू शकणारा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा किंवा बॅकच्या हाती देणारा) होता. तेव्हा बॅक बदलायचा विचार सगळ्यात शेवटी.

आधी मोजदाद

गेल्या चार सामन्यांतल्या सगळ्या धावांचं चित्रण काढा. शंभरच्या आसपास भरतील. त्यातून तीन प्रकार वगळा: पास फसल्यावर क्वार्टरबॅकने केलेली पळापळ, एका यार्डासाठीचे स्नीक (क्वार्टरबॅकने चेंडू घेऊन स्वतःच पुढे घुसणं) आणि सामना संपवताना टेकलेला गुडघा. हा गुडघाही नियमाने धावच धरला जातो आणि बहुतेकदा उणे १ यार्ड लिहिला जातो, त्यामुळे जिंकणाऱ्या संघाची सरासरी उगाच खाली दिसते.

उरलेल्या प्रत्येक धावेपुढे लिहा: डाऊन (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांपैकी कितवा) आणि अंतर, फॉर्मेशन (खेळाडूंची मांडणी), बॉक्समध्ये (लाइनजवळच्या पट्ट्यात) किती बचावपटू, कॉल (ठरवलेली चाल) कोणता, पहिला धक्का किती यार्डांवर बसला, एकूण यार्ड किती. शेवटच्या रकान्यात ब्लॉक, म्हणजे समोरच्याला अडवणं, कोणाचा सुटला ते लिहा. हा रकाना भरताना सहायक कोचमध्ये वाद होतील. होऊ द्या, पण नाव लिहिल्याशिवाय पुढच्या धावेकडे जाऊ नका.

सरासरीवर विसंबू नका. १५ खेपांत ९० यार्ड म्हणजे सरासरी ६. पण त्यात एक धाव ६० यार्डांची असेल, तर बाकीच्या १४ खेपांत मिळून ३० यार्डच झाले. यशाचा साधा निकष ठेवा: पहिल्या डाऊनला लागणाऱ्या अंतराच्या ४० टक्के, दुसऱ्याला ६० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण. पहिल्या डाऊनला १० पैकी ४ यार्ड मिळाले तर धाव यशस्वी, ३ मिळाले तर नाही.

आता पहिल्या धक्क्याचा रकाना बघा. बॅकला एक यार्ड पुढे जायच्या आत हात लागत असेल, तर दोष त्याच्या पुढे आहे: माणसं कमी पडताहेत, कॉल चुकतोय किंवा ब्लॉक सुटतोय. दोन-तीन यार्ड मोकळे मिळूनही धाव तिथेच संपत असेल, तर बॅककडे बघायचं.

बॉक्सचं गणित

लाइनच्या दोन टोकांच्या आत, साधारण पाच-सहा यार्ड खोलीत उभे असलेले बचावपटू म्हणजे बॉक्स. एक बॅक, एक टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि पासही झेलणारा), तीन रिसीव्हर (पास झेलणारे) हा आजचा नेहमीचा संच. त्यात ब्लॉक करणारे सहा: पाच लाइनमन (मध्ये सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल) आणि टाइट एंड. बॉक्समध्ये सहा असतील तर जोड जमते. सात असतील तर एक जण मोकळा, आठ असतील तर दोन. चेंडू देऊन क्वार्टरबॅक नुसता बघत उभा राहिला, तर आपली एक बाजू कायम लंगडी.

सहाच्या बॉक्सवर धाव फसत असेल तर ब्लॉकिंगची तक्रार खरी. सातवर किंवा आठवर पुन्हा पुन्हा तीच धाव घेऊन फसत असेल, तर तक्रार कॉल देणाऱ्याची. यावर तीन उपाय आहेत. हडलमध्ये, म्हणजे चालीआधीच्या घोळक्यात, दोन कॉल द्या, आणि बॉक्स मोजून पहिला टाकायचा की ठेवायचा हे क्वार्टरबॅकवर सोपवा. त्याला मोजायला वेळ मिळावा म्हणून प्लेक्लॉकवर (चाल सुरू करायची मुदत दाखवणाऱ्या घड्याळावर) १५ सेकंद असताना लाइनवर पोहोचा. ६ सेकंद उरल्यावर पोहोचलेल्या संघाला मोजायची संधीच मिळत नाही. दुसरा उपाय, मागच्या टोकाचा बचावपटू मुद्दाम मोकळा ठेवून क्वार्टरबॅकने त्याला वाचायचं: तो आत धावला तर चेंडू स्वतःकडे, थांबला तर बॅकला. क्वार्टरबॅक पळणारा नसेल तर धावेला झटपट पासची जोड द्या. मात्र एनएफएलमध्ये पास सुटेपर्यंत लाइनमनला एका यार्डापेक्षा पुढे जाता येत नाही. कॉलेजमध्ये ही सूट तीन यार्डांची आहे. तिथून आणलेल्या कॉलवर दंड होतो तो इथेच.

तिसरा उपाय फारसा चमकदार नाही, पण चालतो. रिसीव्हरना लाइनच्या जवळ आणा आणि खाली उतरणारा सेफ्टी (सर्वात मागचा बचावपटू) त्यांच्यावर सोपवा. ज्या रिसीव्हरला हे काम नकोसं वाटतं, त्याला त्या धावेपुरतं बाहेर बसवा.

कॉल कमी करा

अडलेल्या संघाचं प्लेबुक उघडलं तर धावेचे दहा-बारा प्रकार सापडतात आणि प्रत्येकाचा सराव आठवड्याला चार वेळा झालेला असतो. एक ना धड भाराभर चिंध्या. दोन मुख्य धावा निवडा, त्यांना जोडीला एक उलटी धाव द्या, बाकीच्या महिनाभर कपाटात ठेवा.

निवड आपल्या माणसांवरून करा. लाइनमन चपळ पण हलके असतील तर आउटसाइड झोन: पाचही जण एकाच दिशेला आडवे धावतात आणि बचाव ताणला गेला की मध्ये फट पडते. कोच माईक शॅनहॅन आणि अ‍ॅलेक्स गिब्स यांनी डेन्व्हरमध्ये हेच पक्कं केलं, आणि ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) सहाव्या फेरीत निवडलेल्या टेरेल डेव्हिसने १९९८ मध्ये २,००८ यार्ड काढले. गार्ड जड आणि ताकदवान असतील तर ड्युओ किंवा पॉवर: आत दोन-दोन जणांनी एकेकाला मागे रेटायचं.

बचावाची रचनाही बघावी लागते. आउटसाइड झोनला सर्वात जास्त त्रास होतो तो सेंटर आणि दोन्ही गार्डच्या थेट समोर माणूस उभा राहिला की. मग कोणालाच शेजाऱ्याची मदत मिळत नाही आणि लाइनबॅकरपर्यंत (लाइनच्या मागे उभ्या बचावपटूपर्यंत) पोहोचायला कोणी उरत नाही. फेब्रुवारी २०१९ च्या सुपर बोलमध्ये न्यू इंग्लंडने लाइनवर सहा जण उभे करून रॅम्सला ६२ यार्डांत रोखलं. सामना १३-३ असा संपला. अशा रचनेसमोर आडवं धावत राहू नका. समोरच्याला भिडण्याऐवजी प्रत्येकाने आतल्या बाजूच्या माणसाला कुशीतून धडक द्यायची आणि टोकाला ओढून आणलेला गार्ड पाठवायचा. पुढे रॅम्सनेही स्टीव्ह अविला आणि केव्हिन डॉट्सन हे भरभक्कम गार्ड आणले आणि सरळ रेटण्याच्या धावांवर भर दिला. २०२३ मध्ये कायरन विल्यम्सने १२ सामन्यांत १,१४४ यार्ड काढले.

उलटी धाव म्हणून काउंटर चांगली. एक गार्ड दुसऱ्या बाजूला जाऊन टोकाच्या माणसाला बाहेर ढकलतो, त्याच्यामागून टॅकल किंवा टाइट एंड आत लाइनबॅकरवर जातो. १९८० च्या दशकात वॉशिंग्टनने जो गिब्सच्या हाताखाली तिचीच दहशत बसवली. ती फसते ती बहुतेकदा एकाच जागी: गार्ड निघून गेल्यावर रिकाम्या झालेल्या फटीतून बचावाचा टॅकल (त्यांच्या लाइनचा मधला माणूस) घुसतो आणि मागून येणाऱ्याला आडवा येतो. तिथे सेंटरला वेळेत मागे वळून त्याला अडवता आलं पाहिजे. त्याला ते जमत नसेल तर काउंटर त्याच्या ताकदीच्या बाजूलाच चालवा.

डबल टीम: खिंडार इथे पडतं किंवा बुजतं

चित्रण हळू करून पाहा. सेंटर आणि गार्ड मिळून एका जाड्या बचाव टॅकलला भिडतात. काम दोन: त्याला मागे रेटायचं आणि मग दोघांपैकी एकाने सुटून लाइनबॅकर गाठायचा. चार हात टॅकलवर, चार डोळे लाइनबॅकरवर.

पहिलं पाऊल सहा इंचांचं, त्याहून मोठं नको. मोठं पाऊल म्हणजे एक पाय हवेत, आणि धडक बसते ती त्याच क्षणी. दोघांच्या कमरा एकमेकींना चिकटलेल्या हव्यात. मध्ये वीतभर जागा राहिली की टॅकल खांदा तिरका करून दोघांमधून निघतो आणि बॅकला चेंडू मिळायच्या जागीच गाठतो. उणे यार्डांच्या धावा तपासल्या तर हा प्रकार वारंवार दिसेल.

दुसरी चूक सुटण्याच्या वेळेची. गार्डला लाइनबॅकर दिसतो, राहवत नाही, तो लवकर सुटतो. टॅकल अजून हललेलाही नसतो आणि एकट्या सेंटरच्या अंगावर पडतो. उशिरा सुटला तर लाइनबॅकर वरून निसटून बॅकला भिडतो. दोन्हींपैकी उशीर परवडला, कारण त्यात निदान दोन यार्ड मिळतात. शिकवायचा नियम असा: लाइनबॅकर आपल्या खांद्याच्या रेषेत येईपर्यंत सुटायचं नाही. तो ज्या बाजूने येईल त्या बाजूचा सुटेल.

झोन धावेच्या मागच्या, म्हणजे धाव जाते त्याच्या उलट्या, बाजूला आणखी एक अडचण आहे. २०१६ पासून एकाने वर धरायचं आणि दुसऱ्याने खाली पायात शिरायचं, हा चॉप ब्लॉक पूर्ण बंद आहे. तिथला गार्ड किंवा टॅकल आता एकट्यानेच पायात शिरणार, किंवा दोघांनी उभ्यानेच काम वाटून घ्यायचं. बॅक मागून पकडला जात असेल तर आधी इथे बघा.

बॅककडे बघायचं ते असं

तीन गोष्टी तपासा: खोली (लाइनपासून किती मागे), वेग, नजर. शॉटगनमध्ये, म्हणजे क्वार्टरबॅक सेंटरपासून मागे उभा असताना, बॅक क्वार्टरबॅकच्या शेजारी, साधारण पाच यार्डांवर उभा असतो. क्वार्टरबॅक सेंटरखाली असताना सातच्या आसपास. पाचवरून पूर्ण वेगाने सुटला तर डबल टीम हलायच्या आत तो तिच्या पाठीवर आदळतो. त्याला अर्धा यार्ड मागे सरकवणं किंवा पहिली दोन पावलं मंद करणं, एवढ्यानेही फरक पडतो.

आउटसाइड झोनमध्ये टाइट एंडच्या बाहेरच्या बाजूवर नेम धरायचा आणि बाहेरून आत वाचायचं. टोकाचा बचावपटू आत अडकला तर बाहेर. तो बाहेर पळाला तर पुढच्या आतल्या माणसाकडे नजर. वळण एकच, दुसरं नाही. ड्युओमध्ये मधल्या लाइनबॅकरवर नजर: तो आत घुसला तर बाहेर सरकायचं, बाहेर गेला तर सरळ आत. लाइनला खेटून जाण्याआधीच बॅक वळला, तर लाइनबॅकर जागचा हलत नाही आणि ब्लॉकची वेळ चुकते. चित्रणात हे दिसलं की ‘लाइनमनने ब्लॉक सोडला’ हा शेरा बऱ्याचदा खोडावा लागतो.

चुगली करणारं अंग

एखाद्या फॉर्मेशनमधून चारपैकी तीनदा धावच निघत असेल तर बचावाला कॉल ऐकायची गरज नाही. तिथून त्याच पावलांनी सुरू होणारा प्ले अ‍ॅक्शन पास (धावेची हूल देऊन टाकलेला) आठवड्याला दोनदा तरी घाला. लाइनमनचे हातही बघा: धाव असली की बोटांवर भार येऊन नखं पांढरी पडतात, पास असला की हात हलका असतो. बाजूला जायचं असलेला गार्ड नकळत वीतभर मागे बसतो. समोरचे अनुभवी बचावपटू हे सगळं वाचतात.

सराव

नियमित हंगामात पॅड घालून सराव करायला १४ दिवसच मिळतात. ते पास संरक्षणात संपवले, तर रेटायचं कधी शिकणार? पहिल्या-दुसऱ्या डाऊनची आखणी जिथे बुधवारी होते, तिथे त्याच दिवशी १२ ते १५ धावा फक्त आतल्या माणसांमध्ये खेळा, त्यातल्या निम्म्या एकाच कॉलच्या. पॅड नसलेल्या दिवशी डबल टीमची पावलं आणि सुटण्याची वेळ ढालींवर करून घ्या.

हंगामाच्या मध्यात एका वेळी लाइनवरची एकच जागा बदला. टँपा बे २०२२ मध्ये सामन्याला धावांच्या ७६.९ यार्डांवर लीगच्या तळाला होता, २०२३ मध्येही तळालाच. २०२४ मध्ये १४९.२ वर चौथा. तिथे नवा सेंटर, नवा डावा गार्ड, नवा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाची आखणी करणारा कोच) आणि चौथ्या फेरीतला बकी अर्विंग हे सगळं एकदम आलं, पण हाताशी अख्खी सुट्टी होती. ऑक्टोबरमध्ये तेवढा वेळ नसतो. तेव्हा हाताशी असलेलं सोपं हत्यार म्हणजे सहावा लाइनमन टाइट एंडच्या जागी उभा करणं. त्याचा नंबर ५० ते ७९ मधला असेल तर त्याने पंचाला आधी कळवायला हवं. विसरला तर दंड.

एका यार्डासाठी बॅकला सात यार्ड मागे उभं करू नका. सेंटरच्या समोर किंवा त्याच्या दोन्ही बाजूंच्या फटींत माणूस नसेल तर क्वार्टरबॅकने सरळ स्नीक घ्यावा. स्नीकमध्ये क्वार्टरबॅकला मागून ढकलून नेण्याची ईगल्सची युक्ती बंद करण्याचा प्रस्ताव मे २०२५ मध्ये संघांच्या २२ मतांवर अडला. हवी होती २४.

बदलानंतर तीन सामने थांबा. आधी सरासरी हलत नाही. कमी होतात त्या शून्य किंवा उणे यार्डांच्या धावा. सामन्याला सहावरून तीनवर आल्या, तर यार्ड मागोमाग येतील. आणि चौथ्या आठवड्यातही शेवटच्या रकान्यात तोच गार्ड वारंवार दिसत असेल, तर मात्र माणूस बदला.