अंगणातली पिझ्झाची भट्टी : या चुका टाळा

इंदूरमध्ये घरामागच्या अंगणात लाकडावरची पिझ्झा-भट्टी बांधताना सगळे लक्ष घुमटाकडे जाते. बिघाड मात्र बहुतेक वेळा पाण्यामुळे होतो, मग ते जमिनीतले असो, जोडणीच्या मसाल्यातले असो, लाकडातले असो की पिठातले.

जमिनीचा विचार न करणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. माळव्याची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून फुगते आणि उन्हाळ्यात आटून भेगाळते, त्यामुळे तिच्यावर थेट उभारलेला ओटा एका बाजूने खचतो आणि त्याची चीर थेट घुमटापर्यंत चढते. विटांच्या भट्टीचे वजन ओट्यासकट सहज एक टनाच्या पुढे जाते. शक्य तितकी काळी माती काढून मुरूम भरावा, पाणी मारून तो धुमसाने घट्ट बसवावा आणि वर लोखंडी सळयांचा काँक्रीट स्लॅब घालावा. काळा थर फार खोल असेल तर इंजिनिअरचा सल्ला घेतलेला बरा. कुंपणाच्या भिंतीला टेकवून भट्टी कधीही बांधू नये, कारण दोन्ही बांधकामे वेगवेगळी हलतात.

गवंड्याला आधीच सांगून ठेवावे लागते ते असे की, आतल्या बाजूस साधे सिमेंट चालत नाही. साधारण 400 अंश सेल्सिअसच्या पुढे त्याची पकड सुटू लागते आणि भुगा पिझ्झावर पडतो. पिझ्झा ज्यावर भाजतो त्या तळाला फायर ब्रिक, म्हणजे उष्णता सोसणारी वीट, आणि जोडणीला अग्निरोधक मसालाच हवा. तळाखाली उष्णतारोधक थर नसेल तर कितीही लाकूड जाळले तरी उष्णता ओट्यात मुरत राहते. दाराची उंची घुमटाच्या आतल्या उंचीच्या सुमारे 63 टक्के ठेवावी, म्हणजे 50 सेंटीमीटरच्या घुमटाला साडेएकतीस सेंटीमीटर. धुराडे घुमटाच्या माथ्यावर न काढता दाराच्या वर, घुमटाबाहेर काढावे.

बांधकाम पूर्ण होताच पाहुण्यांना बोलावण्याचा मोह होतो, आणि तिथेच चांगली भट्टी वाया जाते. मसाल्यात अडकलेल्या पाण्याची एकाएकी वाफ झाली, तर ती वाट मिळेल तिथून घुमट फोडून बाहेर पडते. म्हणून भट्टी आठवडाभर तशीच सुकू द्यावी. त्यानंतर रोज काही तास लहान विस्तव ठेवून, पहिल्या दिवशी शंभर अंशांच्या आसपास आणि पुढे दररोज थोडे वाढवत, आठवड्याभरात पूर्ण तापमान गाठावे. केसासारख्या बारीक चिरा पडणारच. त्यांची काळजी नको. पावसाळ्यात भट्टी झाकलेली असली, तरी पावसाळा सरल्यावर हेच लहान विस्तव पुन्हा काही दिवस करावे लागतात.

लाकूड बाभळीचे, चिरलेले आणि कडकडीत वाळलेले असावे. ओल्या लाकडाने धूर होतो, शेजारी वैतागतात आणि भट्टी तापत नाही. प्लायवूड किंवा रंग दिलेले लाकूड अन्नाजवळ जाळूच नये.

घुमटाची काजळी जळून विटा पुन्हा पांढरट दिसू लागल्याशिवाय पिझ्झा आत घालू नये. तळ 380 ते 430 अंशांवर असेल, तर पिझ्झा दीड-दोन मिनिटांत होतो. इन्फ्रारेड थर्मामीटर त्यासाठी घ्यावाच, अंदाज फसवतो. वरून करपले आणि खालून कच्चे राहिले, तर तळ थंड आहे असे समजावे: निखारे तळावर पसरून थोडा वेळ ठेवावेत आणि मग बाजूला सारावेत. उलट झाले, तर बारीक लाकडे टाकून घुमटाला चाटणारी ज्योत जिवंत करावी.

परदेशी कृतींमधले पाण्याचे प्रमाण आपल्या मैद्याला बहुधा झेपत नाही, कारण त्या कृती जास्त ग्लुटेनच्या (कणकेला चिवटपणा देणाऱ्या प्रथिनाच्या) पिठावर बेतलेल्या असतात. किलोभर मैद्याला 580 ते 600 ग्रॅम पाण्याने सुरुवात करावी. पीठ पिझ्झा आत सरकवायच्या लाकडी फावड्याला चिकटते म्हणून भरपूर मैदा भुरभुरला, तर तो तळावर जळून कडू लागतो. त्याऐवजी थोडा बारीक रवा वापरावा. मॉझरेला चीज पाण्यातले असेल तर आधी निथळून घ्यावे. आणि तळ साफ करायला तापलेल्या विटांवर पाणी शिंपडू नये, त्या तडकतात; पितळी तारांचा ब्रश पुरेसा आहे.