पांढऱ्या रश्शाशेजारी गेवुर्त्स्ट्रामिनर : सुगंधी वाइन निवडावी व वाढावी कशी

पेला नाकाशी नेताच लीची आणि गुलाबाचा वास आला, तर ती बहुधा गेवुर्त्स्ट्रामिनर ही, त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन असते. लीची आणि गुलाब यांच्या सुगंधात जो घटक असतो, तोच या द्राक्षातही आढळतो. जर्मन भाषेत ‘गेवुर्त्स’ म्हणजे मसाला, आणि ट्रामिन हे उत्तर इटलीतील दक्षिण टिरोलमधले गाव. नावातच मसाला असल्यामुळे ही वाइन कोणत्याही मसालेदार जेवणाला चालते, असा समज होतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मात्र हा समज महागात पडतो; कारण आपण ज्याला मसालेदार म्हणतो त्यात लवंग-दालचिनीचा सुगंध आणि मिरचीचा जाळ या दोन निराळ्या गोष्टी असतात, आणि ही वाइन पहिलीशी जितकी जुळते तितकीच दुसरीशी बिनसते.

प्रथम बाटली निवडावी. फ्रान्सच्या अल्सास प्रांतातील ही वाइन सर्वाधिक प्रसिद्ध असून, २०२१च्या हंगामापासून तेथील बाटलीवर गोडीचा दर्जा लिहिणे बंधनकारक आहे. आपल्या ताटासाठी ‘सेक’, म्हणजे कोरडी, न घेता ‘दमी-सेक’, म्हणजे किंचित गोडसर, घ्यावी. ती न मिळाल्यास नाशिकची गोडसर शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन चालेल. (अथणी भागातील द्राक्षे मुख्यतः खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठी पिकवली जातात, त्यांचा इथे संबंध नाही.) गोव्याहून किंवा महाराष्ट्रातून बाटली आणण्याचा विचार असेल, तर सीमेपलीकडे उत्पादन शुल्काचे नियम बदलतात, म्हणून ते आधी विचारून घ्यावेत.

त्यानंतर बाटली दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवून वाढण्यापूर्वी पंधरा मिनिटे बाहेर काढावी. सुमारे १० अंश सेल्सिअस तापमान योग्य होय. त्याहून फार गार केल्यास सुगंध दबतो, आणि कोमट झाल्यास हिच्यातील मद्यार्क, जो बहुधा १३ ते १४ टक्के किंवा त्याहून अधिक असतो, घशाला जाणवू लागतो. पेला एक-तृतीयांशच भरावा, म्हणजे वरच्या रिकाम्या जागेत वास साठतो.

खरी परीक्षा स्वयंपाकघरात होते. माझ्या मते या वाइनचा आपल्याकडील सर्वांत उत्तम सोबती पांढरा रस्सा आहे. मटणाची यखनी, नारळाचे दूध, काजू-खसखशीचे वाटण आणि वेलची-दालचिनीचा वास यांत हिचा गुलाबी गंध सहज मिसळतो, आणि नारळाच्या स्निग्धपणापुढे तिचे भरदार अंग उठून दिसते. रस्सा करताना हिरवी मिरची मात्र हात राखून घालावी. आले घातलेली, नारळाच्या दुधातील कोळंबीही उत्तम. शाकाहारी ताटात नारळाच्या दुधात शिजवलेला लाल भोपळा वाढावा, आणि जेवणाआधी चंदगडचे खारे काजू ठेवावेत.

तांबडा रस्सा मात्र टाळावा. मद्यार्कामुळे मिरचीचा जाळ वाढतो, आणि संकेश्वरी मिरची असेल तर वाइनमधली थोडीशी गोडी त्याला आवरू शकत नाही. रंगासाठी तांबडे हवेच असेल, तर ब्याडगी वापरून संकेश्वरीचे प्रमाण अगदी कमी करावे. चिंच आणि कोकम यांबाबतही जपावे. या वाइनमध्ये मुळातच आंबटपणा कमी असतो, त्यामुळे आंबट घासानंतर ती अगदीच मिळमिळीत लागते. म्हणून सोलकढी जेवण आटोपल्यावरच वाढावी.

गोडाचा प्रश्न बेळगावच्या कुंद्यापाशी, म्हणजे खव्याच्या मिठाईपाशी, येतो. पदार्थ वाइनपेक्षा गोड असेल तर वाइन पातळ आणि कडवट भासते. दमी-सेकचा पेला कुंद्यासमोर टिकत नाही. उशिरा तोडलेल्या, अधिक गोड द्राक्षांची ‘वांदांज तार्दिव्ह’ बाटली असेल तरच दोन्ही एकत्र वाढावे. नसेल तर उरलेल्या वाइनला बूच लावून ती फ्रिजमध्ये ठेवावी, दोन-तीन दिवस तिचा सुगंध बऱ्यापैकी टिकतो.