गोष्टीतलं यान मंगळावर पाठवताय? आधी हिशोब करा

हीरो सकाळी निघतो नि रात्री मंगळावर जेवतो, असं लिहायच्या आधी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडा. मी हा हिशोब विरार फास्टमध्ये एका पायावर उभं राहून केलाय, तुम्हालाही जमेल.

मंगळ अगदी जवळ आला तरी साडेपाच कोटी किलोमीटर. आपलं मंगळयान 5 नोव्हेंबर 2013 ला उडालं, पोचलं 24 सप्टेंबर 2014 ला, कारण बहुतेक रस्ता इंजिन बंदच होतं. तुमचं इंजिन सतत 1 जी ने (म्हणजे पृथ्वीच्या ओढीएवढ्या प्रवेगाने) चालू ठेवा, अर्ध्या वाटेत यान उलटं फिरवा नि तेवढाच वेळ ब्रेक मारा (बोरिवलीला उतरायचं तर गाडी थांबायला नको?), एकूण साधारण 42 तास. भारी ना? पण वेगातला एकूण बदल होतो 1,470 किमी प्रति सेकंदाच्या आसपास, आणि हायड्रोजन-ऑक्सिजन इंजिनातून वायू सुटतो जेमतेम साडेचारने. हा बदल वायूच्या वेगाच्या तिप्पट झाला तरी रिकाम्या यानाच्या एकोणीसपट इंधन लागतं, इथे तर बदलच वायूच्या वेगाच्या 300 पटीच्या वर, खेळ खल्लास.

आयन इंजिन (विजेने भारित कण मागे फेकणारं) टाकायचं? नासाच्या डॉन यानात होतं, वायूचा वेग 30 किमी प्रति सेकंद, पण जोर जेमतेम दोन ए-फोर कागदांच्या वजनाएवढा, म्हणजे पाठलागाचा सीन विसरा.

मी स्वतः अणुभट्टीवालं रॉकेट घेईन, अमेरिकेत 1960 च्या दशकात जमिनीवर चालवून पाहिलंय, वायूचा वेग केमिकलच्या जवळपास दुप्पट. प्रवास मात्र महिन्यांतच लिहा.

फ्यूजन (अणूंची केंद्रकं जोडून ऊर्जा) वापरलंत तर उष्णता बाहेर टाकायला मोठ्ठे रेडिएटर दाखवा, तेच सगळे विसरतात.